कोल्हापुरातून रशियन भाषा-साहित्याच्या अभ्यासाकडे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे कुणी "रशियन शिकायचंय" म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मेडिकलला निघालायस का?" भाषा आणि साहित्य शिकायला रशियनकडे वळणारे विद्यार्थी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात कमी आहेत. त्यामुळे विचारायचं कुणाला, हीच पहिली अडचण होते. मी या वाटेने गेलो आहे. कोल्हापुरात वर्गात बसलो, पुढे एम.ए. केलं, रशियात शिकून आलो आणि आता भाषांतराचं काम करतो. नव्या मुलामुलींकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो. मॉस्कोची घाई करू नका. पहिली दोन वर्षं कोल्हापुरात, घरचं जेवून, कमी खर्चात काढा आणि भाषा पक्की करा. शिष्यवृत्ती, प्रवेश, एम.ए. ही पुढची दारं अशा तयारीच्या विद्यार्थ्याला बरीच सोपी जातात.

1. कशासाठी शिकायचंय ते ठरवा

भाषांतरकार-दुभाषी व्हायचंय, कॉलेजात शिकवायचंय, संशोधन करायचंय, की पर्यटनात काम हवंय? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. गोव्यात रशियन पर्यटक येतात आणि गोवा आपल्या उंबऱ्यावर आहे, त्यामुळे बोलता येण्यापुरती भाषा हवी असेल तर दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रमही कामाला येतो. अणुऊर्जा आणि संरक्षण क्षेत्रातही दुभाषे लागतात. तमिळनाडूतला कुडनकुलम प्रकल्प रशियाच्या सहकार्याने उभा राहिला आहे. तिथे तांत्रिक शब्दसंग्रह लागतो, तो साहित्याच्या वर्गात मिळत नाही. शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, याला पर्याय नाही.

हे लगेच कळलं नाही तरी चालेल, पण पहिलं वर्ष संपेपर्यंत ठरवा.

2. पहिला वर्ग कोल्हापुरातच

शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे आणि तिथे रशियन शिकवतात. सुरुवात प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून होते, मग पदविका. त्यापुढे त्या वर्षी काय उपलब्ध आहे ते विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारा. प्रवेशाची सूचना साधारण जून-जुलैच्या सुमारास निघते आणि मुदत फार नसते. बारावीचा किंवा बी.ए.चा निकाल लागला की तिकडे एक चक्कर टाकाच. कॉलेज सांभाळून हा वर्ग करता येतो. बी.कॉम. करणारे, इंजिनिअरिंगचे, नोकरी करणारे असे सगळे एका बाकावर असतात.

वर्ग लहान असतो ही मोठी जमेची बाजू आहे. मोठ्या शहरातल्या खच्चून भरलेल्या वर्गापेक्षा इथे तुम्हाला जास्त वेळा तोंड उघडावं लागतं. मात्र दिवाळीनंतर निम्मी मुलं गळतात. विभक्त्या सुरू होतात तिथे ही गळती होते. तेवढे दोन-तीन महिने नेटाने काढा.

विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात आणि गावातल्या करवीर नगर वाचन मंदिरात सोव्हिएत काळात छापलेल्या मराठी अनुवादांची चौकशी करा. त्या काळी मॉस्कोतल्या प्रकाशनगृहांतून मराठीत पुस्तकं निघत आणि लोकवाङ्मय गृहामार्फत ती महाराष्ट्रभर पोचत. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करत होते. असं एखादं पुस्तक हाती लागलं तर मूळ रशियन मजकूर इंटरनेटवरून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

3. पहिले सहा महिने: लिपी, हस्ताक्षर, विभक्त्या

लिपी 33 अक्षरांची आहे आणि आठवड्याभरात येते. फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं. इंग्रजी पीसारखं दिसतं त्याचा उच्चार र, एचसारखं दिसतं तो न, सीसारखं दिसतं तो स. इंग्रजी आडवं येऊ नये म्हणून उच्चार देवनागरीत लिहून पाठ करा.

खरी पंचाईत हस्ताक्षरात होते. छापील त हाताने लिहिताना एमसारखा होतो, प एनसारखा आणि ई यूसारखा. शिक्षक फळ्यावर लिहितात ते हेच. स्वतः लिहायला शिकला नाहीत तर पुढे कुणाचीही वही, पत्र, संग्रहालयातलं हस्तलिखित वाचता येणार नाही. चौथीच्या मुलांसारखी रेघांची वही आणा आणि महिनाभर रोज एक पान गिरवा. मोबाइलमध्ये रशियन कीबोर्डही पहिल्याच आठवड्यात टाकून घ्या.

आघात, म्हणजे शब्दात ज्या स्वरावर जोर येतो तो, छापील मजकुरात दाखवलेला नसतो आणि त्याच्यावर उच्चार बदलतो. आघात नसलेला ओ अ-सारखा ऐकू येतो. त्यामुळे नवा शब्द वहीत घेताना आघाताची खूण केल्याशिवाय घेऊ नका.

व्याकरणात मराठी माणसाला मोठा फायदा आहे. रशियनमध्ये सहा विभक्त्या आहेत आणि शाळेत पाठ केलेला आपला तक्ता इथे कामाला येतो. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी यांच्याशी त्या बऱ्याच जुळतात, पंचमीचं काम षष्ठीला शब्दयोगी अव्यय जोडून होतं. लिंगं तीन, आपल्यासारखीच. आणखी एक गोष्ट बघा. आपण "आंबा बघितला" म्हणतो, पण "पोराला बघितलं" म्हणतो. सजीव कर्माला प्रत्यय लागतो, निर्जीवाला लागत नाही. रशियनमधल्या पुल्लिंगी नामांची द्वितीया याच तत्त्वावर चालते. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात या नियमाला पानंच्या पानं खर्ची पडतात आणि मराठी मुलं ती घोकत बसतात. तुम्ही सरळ मराठीतून विचार करा.

क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच आहे. जवळपास प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं असतात, एक चालू किंवा वारंवार घडणाऱ्या क्रियेसाठी आणि एक पूर्ण झालेल्या क्रियेसाठी. "वाचत होतो" आणि "वाचून काढलं" यातला फरक तुमच्या कानात आधीपासून आहे. जोडी नेहमी एकत्रच पाठ करा. गतिवाचक क्रियापदं मात्र, म्हणजे पायी जाणं, वाहनाने जाणं, एकदा जाणं, नेहमी जाणं यांची वेगवेगळी रूपं, कुणालाच सोपी जात नाहीत. त्यांना वर्ष द्या.

साहित्याला सुरुवात करायची तर चेखवच्या सुरुवातीच्या पान-दोन पानी कथा घ्या. तोल्स्तोयची जाडजूड कादंबरी पहिल्या वर्षी मुळातून वाचायला घेतली की हिंमत खचते. पुश्किनची कविता अर्थ पुरता कळण्याआधीच मोठ्याने म्हणा, आघात तिच्यातून फार लवकर बसतो.

4. पातळीची परीक्षा: टॉर्फल

परदेशी विद्यार्थ्यांच्या रशियनची अधिकृत परीक्षा म्हणजे टॉर्फल. प्राथमिक आणि पायाभूत असे दोन स्तर आणि त्यावर पहिली ते चौथी अशा चार पातळ्या. शब्दसंग्रहाची अपेक्षा प्राथमिक स्तराला सुमारे 780, पायाभूतला 1300 आणि पहिल्या पातळीला 2300 शब्दांची आहे. पहिली पातळी म्हणजे युरोपीय मापात बी-वन, आणि रशियातल्या विद्यापीठात रशियन माध्यमातून पदवीचा अभ्यास सुरू करायला किमान एवढी भाषा लागते.

परीक्षेचे पाच भाग असतात: शब्द-व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात किमान 66 टक्के लागतात, फक्त एखाद्या भागात 60 पर्यंत सवलत मिळते. म्हणजे व्याकरणात 95 मिळवून श्रवणातली कसर भरून निघत नाही. आपली मुलं अडकतात ती श्रवणातच, कारण वर्गाबाहेर कानावर रशियन पडत नाही. रोज अर्धा तास बातम्या किंवा मुलांचे कार्यक्रम ऐका. मॉस्कोची पुश्किन संस्था 1966 पासून परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवते आहे आणि तिचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पातळीनुसार लावलेले आहेत. ते वर्गाच्या जोडीला घ्या.

परीक्षा दिल्ली किंवा मुंबईच्या रशियन हाऊसमध्ये, म्हणजे रशियन सरकारच्या सांस्कृतिक केंद्रात होतात, म्हणून तारखा आधी विचारून ठेवा. मुंबईचं रशियन हाऊस पेडर रोडला आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवास करू नका. श्रवणाच्या पेपरला डोकं ताजं लागतं.

5. भारतातल्या पदव्या

बारावीनंतर थेट रशियनमध्ये बी.ए. ऑनर्स करायचं असेल तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हे देशातलं मोठं केंद्र आहे. तिथला प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. रशियन आधी येत असण्याची अट नाही, अक्षरओळखीपासून शिकवतात. हैदराबादच्या इफ्लू (इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस) विद्यापीठातही रशियनच्या पदव्या आहेत. दिल्ली विद्यापीठात स्लाव भाषांचा स्वतंत्र विभाग आहे.

घरापासून फार लांब जायचं नसेल तर दोन जागा: मुंबई विद्यापीठाचा कलिना इथला रशियन विभाग आणि पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग. एम.ए.ला साधारणपणे कुठलीही पदवी आणि जोडीला रशियनची ठरावीक पातळी लागते. कोल्हापुरात केलेली पदविका इथे उपयोगी पडते. मात्र आपली पदविका त्या विद्यापीठाला कितपत चालते, हे अर्ज भरण्याआधी त्या विभागाकडून ई-मेलवर लेखी घ्या. "चालेल की" असं फोनवरचं उत्तर प्रवेशाच्या दिवशी कामाला येत नाही.

6. रशियन सरकारची शिष्यवृत्ती

रशियन सरकार दरवर्षी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही जागा ठेवते. त्यात भारताचाही वाटा असतो आणि भाषा-साहित्य हा विषय त्यात बसतो. अर्ज "एज्युकेशन इन रशिया" या सरकारी पोर्टलवर भरायचा. नोंदणी साधारण शरद ऋतूत, आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास चालू असते आणि शिक्षण पुढच्या सप्टेंबरमध्ये सुरू होतं. म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी तयारी हवी. निवड दोन टप्प्यांत होते: आधी भारतातल्या रशियन हाऊसच्या पातळीवर कागदपत्रं, चाचणी किंवा मुलाखत, मग विद्यापीठांकडून निवड.

शिष्यवृत्तीत काय मिळतं ते नीट समजून घ्या, कारण "सगळं फुकट" हा समज बळावला आहे. शिक्षणशुल्क माफ होतं. दरमहा विद्यावेतन मिळतं, पण ते अगदी तुटपुंजं असतं, त्यात महिन्याचं जेवणही भागत नाही. वसतिगृह जागा असेल तर स्वस्तात मिळतं. विमानभाडं, आरोग्य विमा, जेवण, थंडीचे कपडे हा खर्च तुमचा. घरी बसून आकडे मांडा, मगच अर्ज करा.

रशियन येत नसेल तर पहिलं वर्ष पूर्वतयारी विभागात भाषा शिकण्यात जातं. कोल्हापुरात पहिल्या पातळीपर्यंत पोचला असाल तर ते वर्ष वाचू शकतं, शिवाय मुलाखतीत तुम्ही लगेच उठून दिसता.

विद्यापीठं निवडताना सगळे मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग टाकतात. 1755 मध्ये स्थापन झालेलं मॉस्को राज्य विद्यापीठ कुणाला नको असणार? पण यादीत कझान, तोम्स्क, येकातेरिनबर्ग, वोरोनेझ अशा शहरांतली विद्यापीठंही ठेवा. तिथे राहणं स्वस्त पडतं आणि इंग्रजी कमी चालत असल्यामुळे भाषा झपाट्याने सुधारते. एम.ए. आणि पीएच.डी.साठी "ओपन डोअर्स" ही ऑनलाइन स्पर्धाही आहे. तीत भाषाशास्त्राचा गट असतो आणि विजेत्यांना शुल्क माफ होतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी. त्यात जागतिक क्रमवारीची अट आहे, त्यामुळे रशियातली अगदी थोडी विद्यापीठं बसू शकतात. चालू वर्षाचा शासन निर्णय वाचूनच ठरवा.

7. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

ही यादी वहीत उतरवून घ्या:

- पासपोर्ट, शिक्षणाच्या कालावधीच्या पुढेही वैध असलेला
- दहावी, बारावी, पदवी यांची प्रमाणपत्रं आणि सर्व गुणपत्रकं
- रशियन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं, असल्यास टॉर्फल
- वैद्यकीय प्रमाणपत्र आणि एचआयव्ही चाचणीचा अहवाल
- हेतूपत्र, आणि एम.ए.च्या पुढे संशोधनाचा आराखडा, प्रकाशित लेख, शिफारसपत्रं
- सगळ्याचा रशियन अनुवाद, नोटरी केलेला
- मागितल्यास अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायचा शिक्का

अपॉस्टिलसाठी आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. पासपोर्टसाठी कोल्हापुरातच पोस्टातलं सेवा केंद्र आहे. वैद्यकीय अहवालांची मुदत थोडी असते, ते फार आधी काढू नका.

आता नावाचं. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. रशियन अर्जात पितृनामाचा स्वतंत्र रकाना असतो, कारण त्यांच्याकडेही वडिलांच्या नावावरून मधलं नाव लावतात. आपण उत्साहाने तिथे वडिलांचं नाव भरतो, मग ते अर्जात दोनदा येतं किंवा पासपोर्टशी जुळत नाही. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे तेच अर्जात.

दुसरा घोळ अनुवादात होतो. रशियनमध्ये आपला ह नाही. त्याच्या जागी कुणी ख घालतं, कुणी ग. समजा महेश पाटील नावाचा विद्यार्थी आहे. दहावीच्या अनुवादात तो माखेश झाला आणि पदवीच्या अनुवादात मागेश, तर रशियन कार्यालयाच्या दृष्टीने ही दोन माणसं. भ, ध, ठ असलेल्या आडनावांचंही असंच होतं. सगळे अनुवाद एकाच अनुवादकाकडून करून घ्या, स्पेलिंग तुम्ही स्वतः कागदावर लिहून द्या आणि पुढे व्हिसाच्या अर्जातही तेच वापरा.

8. एजंटांपासून सावध

सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज मोफत आहे आणि तो तुम्ही स्वतः भरू शकता. "कोट्यातली सीट करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. भाषा-साहित्याच्या मुलांना गोड बोलून दुसऱ्याच अभ्यासक्रमाला, दुसऱ्याच गावाला लावून दिल्याचं मी पाहिलं आहे. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. प्रवेशपत्र हाती आलं की त्यावरच्या विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून पत्ता घेऊन थेट खात्री करा.

यापेक्षा गंभीर गोष्ट. विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून गेलेल्या काही भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढलं गेलं आणि त्यात जीव गेले आहेत. भारत सरकारने अशा प्रस्तावांपासून दूर राहण्याचा इशारा वारंवार दिला आहे. मदतनीस, सुरक्षारक्षक, भरपूर पगार, झटपट नागरिकत्व अशा शब्दांत कुणी काही पुढे केलं तर तिथून निघा. न वाचता येणाऱ्या रशियन कागदावर कुठेही सही करू नका. घरच्यांना भारतीय दूतावासाचा क्रमांक देऊन ठेवा. सध्याच्या युद्धाच्या काळात निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचाव्याच लागतात आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलावं लागतं. वाट बघायचं ठरवलंत तरी भारतातल्या पदव्यांनी तुमचं काही अडत नाही.

9. पोचल्यावरचे पहिले दिवस

विद्यापीठाच्या निमंत्रणपत्रावर मिळणारा व्हिसा सुरुवातीला सहसा 90 दिवसांचा असतो आणि तो तिथे वाढवून घ्यायचा असतो. विमानतळावर मिळालेलं स्थलांतर कार्ड जपा. पोचल्या पोचल्या पासपोर्ट घेऊन विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा, कारण पत्त्याची नोंदणी काही दिवसांतच करावी लागते. दुसऱ्या शहरात फिरायला गेलात तर परतल्यावर पुन्हा विचारा. वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे हेही मुदतीत उरकावं लागतं.

भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे मार्च 2022 पासून चालत नाही. सुरुवातीच्या खर्चाची रोकड नियमात बसेल तेवढी जवळ ठेवा आणि स्थानिक खातं उघडून मीर हे रशियाचं स्वतःचं बँक कार्ड घ्या. थंडीचे बूट तिथेच घ्या, इथे मिळतात ते तिथल्या बर्फाला पुरत नाहीत.

10. नेट, पीएच.डी. आणि विषय

यूजीसी-नेटमध्ये रशियन हा स्वतंत्र विषय आहे. एम.ए.ला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 50. जून 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. रशियातून पदवी घेऊन येणार असाल तर समकक्षतेचे यूजीसीचे 2025 चे नियम जाण्याआधीच वाचा. नोकरीच्या जाहिरातीला अर्ज करताना समकक्षतेचं प्रमाणपत्र हाताशी हवं.

संशोधनाची साधनं आज घरबसल्या मिळतात. रशियन राष्ट्रीय भाषासंग्रहात एखादा शब्द कोणत्या काळात कसा वापरला गेला ते शोधता येतं आणि सायबरलेनिंका या संकेतस्थळावर रशियन शोधनिबंध मोफत वाचायला मिळतात.

विषय निवडताना आपल्या भागाकडे बघा, असा माझा आग्रह आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले, त्यांनी त्या प्रवासावर लिहिलं आणि 2022 मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नर-बिदरपर्यंत गेला आणि त्याने दख्खनबद्दल लिहून ठेवलं. सोव्हिएत भाषाभ्यासक कातेनिना यांनी 1963 मध्ये रशियन वाचकांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं. सोव्हिएत काळातल्या मराठी अनुवादांची भाषा, त्यातल्या तळटिपा, गाळलेल्या जागा यांवर कामाला भरपूर वाव आहे. असा विषय दोन्ही भाषा येणाऱ्यालाच झेपतो. मार्गदर्शकांना पहिल्यांदा भेटायला जाताना नुसता विषय सांगू नका. एका अनुवादाची चार पानं मुळाशी ताडून बघा, सापडलेले फरक तक्त्यात मांडा आणि तो तक्ता बरोबर न्या.